वर्गणीचा हिशोब होतो, लेकरांचा कोण विचारतो?

सुगी आटोपली, तूर-हरभरा घरात आला की आपल्याकडे गावोगाव अखंड हरिनाम सप्ताहाचे मंडप उभे राहतात. आम्हा विस्तार अधिकाऱ्यांचे काम त्या दिवसांत सोपे होते. एरवी शेतकरी मेळाव्याला वीस माणसे जमवायची म्हटली तर नाकी नऊ येतात. सप्ताहात सगळे गाव आयतेच एका जागी सापडते. हरिपाठ आणि कीर्तन यांच्या मधल्या वेळात पारावर बसून माती परीक्षणाचे, बीजप्रक्रियेचे चार शब्द सांगता येतात. नोकरीला लागल्यापासून मी असे पुष्कळ सप्ताह पाहिले, पुष्कळ पंगतीला बसलो. आमच्या घरी आजोबा माळकरी होते, त्यामुळे टाळ-मृदंगाचा आवाज मला परका नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे लिहायचे आहे ते वाचून काही मंडळींना राग येणार आहे.

काल्याच्या दिवशी एक गोष्ट न चुकता होते. महाप्रसाद उरकला की कमिटीचा एखादा माणूस माईक हातात घेऊन हिशोब वाचतो. अमक्याचे पाच हजार, तमक्याचे दोन पोती गहू, मंडपवाल्याला इतके, कीर्तनकार महाराजांना इतके, साखर एवढी शिल्लक. शंभर रुपयांचा फरक निघाला तरी मागून कोणीतरी ओरडतोच, "अन् तेलाचे डबे कुठं गेले?" त्याचा कोणी राग धरत नाही. देवाच्या कामाचा पैसा आहे, हिशोब चोख पाहिजे, हे सगळ्यांना मान्य असते. देवस्थानाचा ट्रस्ट असेल तर वर्षाचे हिशोबपत्रक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जाते, विश्वस्त बदलला तरी तिथे कळवावे लागते.

त्याच मंडपात रात्री दहा-पंधरा लेकरे झोपलेली असतात. कुठल्याशा संस्थेतून टाळकरी म्हणून आलेली, आठ-दहा वर्षांपासून सोळा-सतरा वर्षांपर्यंतची. कपाळाला गंध, पांढरा सदरा, दिवसभर उभे राहून पाय दुखलेले. ही कोणाची पोरे, कोणत्या गावची, त्यांच्याबरोबर मोठे माणूस कोण आहे, रात्री कोणाच्या खोलीत निजतात, घरी शेवटचा फोन कधी झाला, हे कोणी विचारत नाही. तेलाच्या डब्याला धनी आहे, या लेकराला नाही.

या पानावर एरवी मी बोंडअळीवर नाहीतर ठिबकच्या अनुदानावर लिहितो. मग हा विषय इथे कशाला? कारण ही लेकरे शेतकऱ्यांची आणि ऊसतोड मजुरांची आहेत. शहरातल्या नोकरदाराचे पोर अशा ठिकाणी क्वचितच दिसते. कोरडवाहू दोन एकरांवर ज्याचे भागत नाही, दिवाळी झाली की ज्याला कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागावे लागते, त्याच्या पुढे प्रश्न असतो की सहा महिने पोराला ठेवायचे कोणापाशी. हंगामी वसतिगृहाची योजना आहे, पण ती आपल्या गावात चालू आहे की नाही याची खात्री नाही. घरी म्हातारी आई, तिलाच दिसत नाही. अशा वेळी कोणी सांगते की अमक्या महाराजांकडे ठेव. दोन वेळचे जेवण आहे, हरिपाठ शिकेल, मृदंग शिकेल, वळण लागेल, फुकट आहे. बाप कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? आणि हे फक्त वारकरी संस्थेचे आहे असेही नाही. मठ, आश्रम, गुरुकुल, मदरसा, मिशनचे वसतिगृह, जिथे जिथे गरिबाचे लेकरू धर्माच्या भरवशावर राहायला जाते तिथे प्रश्न हाच आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. गाव, तालुका, संस्था काही सांगणार नाही. लेकराची ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे आणि बंदी नसती तरी सांगितले नसते. मे महिना होता. खरीपपूर्व सभेसाठी मी एका गावाला गेलो होतो. सभा झाल्यावर एक शेतकरी माझ्या मोटारसायकलीपाशी घुटमळत राहिला. बियाण्याचे काही विचारायचे असेल असे वाटले. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही शिकलेले आहात. एक विचारू का?" मग बराच वेळ काहीच बोलला नाही.

त्याचा अकरा वर्षांचा मुलगा संस्थेत होता. कारखान्यावरून हे नवराबायको परत आले, पोराला सुटीला घरी आणले, आणि पोर परत जायला तयार होईना. बापाने आधी समजावले, मग दोन ठेवून दिल्या. पोर रडले नाही, नुसते गोठ्यात जाऊन बसले. रात्री अंथरूण ओले करू लागले. शेवटी ते आजीपाशी बोलले, तेही तीन-चार वाक्ये. आजीने सुनेला सांगितले, सुनेने नवऱ्याला. बाप गावातल्या चार मोठ्या माणसांकडे गेला. त्यांनी देवळात बैठक बसवली.

ती माणसे वाईट होती असे मी म्हणणार नाही. अडीनडीला धावून जाणारी माणसे होती. पण त्या बैठकीत जे बोलले गेले ते बापाने मला जसेच्या तसे सांगितले. पुरावा काय? महाराज एवढा मोठा माणूस, सभामंडपाला मदत त्यांच्यामुळेच मिळाली. पोरगं आहे, पोरगी असती तर गोष्ट वेगळी. पोराच्या जातीला काय होतंय? उद्या पेपरात आलं तर गावाची अब्रू जाईल. मग तोड निघाली: पोराला परत पाठवू नका, पुढल्या वर्षी त्या महाराजांना सप्ताहाला बोलावू नका, आणि विषय इथेच संपवा. बापाने मान हलवली. आता तो मला विचारत होता, "हे बरोबर झालं का, साहेब?"

मी त्याला काय उत्तर दिले ते मला नीट आठवत नाही. काहीतरी गुळमुळीत बोललो असणार. घरी आलो आणि मनाशी म्हटले की आपले खाते कृषी, यात आपण पडायचे कारण नाही. बदलीचा महिना होता, कशाला झंझट. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी सकाळी डोक्यात आले की आपण फक्त एका पोराचा विचार करतोय. ते तर सुटले, घरी आहे. जी तिथे अजून आहेत त्यांचे काय? त्या दिवशी मी १०९८ या नंबरावर फोन केला.

पुढे पोलीस ठाण्यातून महिला अधिकारी आल्या, त्या साध्या साडीत. पोराला ठाण्यात नेले नाही. मावशीच्या घरी बसून, आई शेजारी असताना, त्याचे म्हणणे लिहून घेतले. चौकशीत दुसऱ्या गावांच्या आणखी मुलांची नावे निघाली. प्रकरण न्यायालयात आहे, म्हणून यापुढे काही लिहीत नाही. एवढेच म्हणतो की ते चार दिवस माझ्या नावावर आहेत. त्या चार रात्री ती दुसरी मुले कुठे होती हा प्रश्न मला अजून सुटत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. सरपंच, पोलीस पाटील, ग्रामपंचायत अधिकारी म्हणजे आपले पूर्वीचे ग्रामसेवक, मुख्याध्यापक आणि देवस्थानचे विश्वस्त यांनी हा भाग दोनदा वाचावा.

बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा, ज्याला सगळे पॉक्सो म्हणतात, तो २०१२ साली झाला आणि १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालचे प्रत्येक लेकरू त्यात येते, मुलगा असो की मुलगी. बैठकीतले ते "पोराच्या जातीला काय होतंय" कायद्याला मान्य नाही, आणि वस्तुस्थितीलाही धरून नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास खात्याने २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. निम्म्याहून जास्त, ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचे सांगितले, आणि त्या मुलांत मुलगे निम्म्याहून थोडे अधिकच होते.

या कायद्याचे कलम १९ असे आहे की असा गुन्हा झाल्याचे ज्याला कळले, किंवा होईल अशी ज्याला धास्ती वाटते, त्याने ते पोलिसांना कळवलेच पाहिजे. इथे "कळवावे की न कळवावे" अशी सोय ठेवलेलीच नाही. कळवले नाही तर कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेचा प्रमुख असेल आणि हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा त्याने दडवला, तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. म्हणजे देवळातल्या त्या बैठकीला बसलेले सगळे, आणि चार दिवस गप्प राहिलेला मी, कायद्याच्या दृष्टीने अडचणीतच होतो. पुरावा गोळा करणे हे आपले काम नाही, ते पोलिसांचे. आपले काम कळवण्याचे. चांगल्या हेतूने दिलेली खबर पुढे सिद्ध झाली नाही तरी खबर देणाऱ्यावर कारवाई होत नाही, असे त्याच कलमात लिहिले आहे. खोटी तक्रार मुद्दाम, बदनामीसाठी केली तर शिक्षा आहे. म्हणजे "उद्या कोणीही कोणावरही आळ घेईल" ही भीतीही कायद्याने विचारात घेतली आहे.

आणखी एक गोष्ट विश्वस्त मंडळींनी ध्यानात घ्यावी. शिक्षण संस्थेच्या किंवा धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातील वा नोकरीतील माणसाने तिथल्याच लेकरावर अत्याचार केला, तर कायदा तो नेहमीच्यापेक्षा गंभीर गुन्हा धरतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यातल्या बलात्काराच्या स्वरूपाच्या गुन्ह्याला कमीत कमी वीस वर्षे सक्तमजुरी आहे. विश्वासाची जागा होती म्हणून शिक्षा जास्त. आपण गावात नेमके उलटे करतो; विश्वासाचा माणूस आहे म्हणून त्याला सोडून देतो.

"गावात मिटवले" हेही चालत नाही. राजस्थानातल्या एका शिक्षकाच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी समझोता केला आणि उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि असा गुन्हा आपसांतल्या तडजोडीने रद्द होऊ शकत नाही असे सांगितले. आपल्याच राज्यात, चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याला, शाळेच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे प्रकरण घडले. माहिती असून कळवले नाही असा आरोप असलेल्या डॉक्टरवरचा गुन्हा नागपूर खंडपीठाने रद्द केला होता. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो परत उभा केला. माहीत असून न कळवणे हा गंभीर गुन्हा आहे आणि अनेकदा तो गुन्हेगाराला वाचवण्याचाच प्रयत्न असतो, असा त्या निकालाचा आशय आहे. पोलीस पाटलांना तर १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्यानेही गावातल्या गुन्ह्याची खबर ठाण्याला देणे बंधनकारकच आहे. त्यांनी बैठकीत मध्यस्थ म्हणून बसणे शोभत नाही.

मोठ्या नावापुढे गावकरी दबतात म्हणून आसारामचे प्रकरण आठवून द्यावेसे वाटते. त्याच्या गुरुकुलात शिकणारी सोळा वर्षांची मुलगी, बाप जुना साधक, गुरूवर आंधळा विश्वास. मुलीला बाधा झाली आहे, बापूंकडे न्या, असे घरच्यांना सांगण्यात आले. जोधपूरजवळच्या आश्रमात ऑगस्ट २०१३ मध्ये अत्याचार झाला. कुटुंबाने तक्रार दिल्लीच्या पोलीस ठाण्यात दिली आणि ती तिथे नोंदवून जोधपूरला पाठवली गेली. गुन्हा दुसऱ्या हद्दीतला असला तरी जवळच्या ठाण्याला तो नोंदवावा लागतो, हे त्यावरून कळावे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात तर ते स्पष्टच लिहिले आहे. खटला चालू असताना साक्षीदारांवर हल्ले झाले, काहींचा जीव गेला. कुटुंब हटले नाही. २५ एप्रिल २०१८ रोजी जोधपूरच्या न्यायालयाने आसारामला जन्मठेप दिली. त्याच निकालात गुरुकुलाचा संचालक आणि वसतिगृहाची वॉर्डन यांनाही प्रत्येकी वीस वर्षांची शिक्षा सुनावली. मला या निकालातला हा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. अत्याचार करणारा एक होता, पण लेकराला तिथपर्यंत नेऊन पोचवणारी साखळी होती, आणि न्यायालयाने साखळीलाही जबाबदार धरले.

हे खूळ आपल्याच मातीत आहे असे समजू नका. ऑस्ट्रेलिया हा शेतीत आणि शिक्षणात पुढारलेला देश. तिथे २०१३ ते २०१७ अशी पाच वर्षे एका शाही आयोगाने शाळा, अनाथालये, चर्च, सगळ्यांची चौकशी केली. आठ हजारांवर पीडितांनी आयोगापुढे बंद खोलीत आपली कहाणी सांगितली. त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांना धार्मिक संस्थेत त्रास झाला होता. यहोवाचे साक्षीदार नावाच्या एका ख्रिस्ती पंथाची कागदपत्रे आयोगाने २०१५ मध्ये तपासली. १९५० पासून १,००६ संशयितांच्या नोंदी पंथाने स्वतःच्या कपाटात नीट लावून ठेवल्या होत्या, आणि त्यातला एकही पंथाने पोलिसांना कळवला नव्हता. त्यांच्याकडे नियम असा की आरोपीने कबूल केले नाही तर दोन साक्षीदार पाहिजेत. असल्या गुन्ह्याला दोन साक्षीदार आणायचे कुठून? आपल्या देवळातले "पुरावा काय?" आणि त्यांचे दोन साक्षीदार, दोन्हींचा अर्थ एकच निघतो. धर्म वेगळा, देश वेगळा, बैठक तीच.

आपल्याकडे येऊ. आळंदीला जोग महाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली आणि तिथून पिढ्यानपिढ्या कीर्तनकार तयार झाले, हा इतिहास आदराने घेण्यासारखा आहे. पण त्या नावाच्या आसऱ्याने पुढे गल्लोगल्ली खाजगी निवासी संस्था निघाल्या. एक भाड्याची खोली, एक महाराज, वीस पोरे. गेल्या काही वर्षांत अशा काही ठिकाणच्या प्रकारांबद्दल पोलिसांत गुन्हे दाखल झाले आणि आळंदीच्या ग्रामस्थांनीच यावर आवाज उठवला. हे बोलणारे वारकरीच होते, कोणी धर्मबुडवे नव्हते. अशा संस्थेला विचारले की तुमची नोंदणी कुठली, तर उत्तर मिळते की आम्ही शाळा नाही, वसतिगृह नाही, ही तर साधना आहे. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली मुले ठेवणाऱ्या संस्थेला २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली नोंदणी लागते. २०२० च्या पॉक्सो नियमांत तर मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या संस्थांनी आपल्या प्रत्येक माणसाची पोलीस पडताळणी वेळोवेळी करून घ्यावी असे म्हटले आहे. साधना असो की आणखी काही, पोर रात्री तिथे झोपते ना? मग पडताळणी पाहिजे.

शेतकरी बंधूंनो, दर हंगामात मी तुम्हाला सांगतो की बियाण्याचे पक्के बिल घ्या, टॅग जपा, पिशवीत मूठभर बी शिल्लक ठेवा, म्हणजे उगवण फसली तर तक्रार करता येते. तुम्ही ते आता करताही. त्या बापाला मी विचारले होते, पोराला सोडताना काय कागद घेतला? काहीच नाही. महाराजांचा मोबाईल नंबर, तोही दुसऱ्याकडून. तिथे आणखी कोण राहते, रात्री कोण असते, कितीदा भेटायला येता येईल, फोन कोणाच्या हातात, यातले एकही त्याने विचारले नव्हते. विचारायला संकोच वाटला म्हणाला. बैल घेताना आपण दात मोजतो, चालवून बघतो, मागच्या धन्याची चौकशी करतो, आणि त्यात बैलवाल्याचा अपमान होतो असे कोणाला वाटत नाही. संस्थेत पोर ठेवायचेच असेल तर न सांगता जाऊन बघा. दुसऱ्या मुलांशी बोला. भेटायला ठराविक दिवसच येऊ देतात, फोनवर बोलताना शेजारी कोणी उभे असते, असे असेल तर पोराला घेऊन या. आणि पोर परत जायला नाही म्हणाले, गप्प झाले, अंथरूण ओले करू लागले, तर हात उगारू नका. पिकाचे पान पिवळे पडले तर आपण पानाला मारत नाही, खाली वाकून मूळ बघतो.

सप्ताह कमिटीने करण्यासारख्या गोष्टीही फार अवघड नाहीत, खर्च तर नाहीच. बाहेरून येणाऱ्या मुलांची नावे, गावे, घरच्यांचे फोन नंबर एका वहीत लिहून घ्यावेत. त्यांचा मुक्काम शाळेच्या खोलीत, उजेडात, गावातली किमान दोन कर्ती माणसे राखणीला. एकट्या माणसाच्या ताब्यात मुले नकोत, मग तो कितीही थोर असो. मुली असतील तर बचत गटाच्या बायका सोबत. आणि एक प्रथा मात्र सरळ बंद करावी. कीर्तन झाल्यावर महाराजांचे पाय चेपायला पोरांना खोलीत पाठवायचे, हे. मीही लहानपणी चेपले आहेत. त्या वेळी काही वाईट झाले नाही, पण दार लोटलेले होते आणि आत काय चालले आहे ते बाहेर कोणालाच दिसत नव्हते. बाधा उतरवायला, अंगारा लावायला, मंत्र द्यायला लेकराला एकांतात न्यायचे म्हटले तर ठाम नाही म्हणावे. चांगल्या कीर्तनकारांना याचा त्रास होत नाही. एका महाराजांनी मला सांगितले की ते स्वतःच मुक्कामाला दार उघडे ठेवायला लावतात, आणि खोलीत मुले नकोत असे यजमानाला आधी कळवतात. अशा माणसाला नियमाचा जाच कसला?

गावात बाल संरक्षण समिती असावी अशी शासनाची रचना आहे आणि तिचे प्रमुखपद सरपंचाकडे आहे. मी हिंडतो त्या गावांत बऱ्याच ठिकाणी ती दप्तरातच आहे. सदस्यांनाच आपण सदस्य आहोत हे माहीत नसते. ग्रामसभा वर्षातून चार होतात. एका ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या: आपल्या गावची किती मुले बाहेर कोणत्या संस्थेत आहेत, त्यांची यादी. नळपाणीपट्टीची थकबाकी वाचतो तशी ही यादी तयार करावी, पण चावडीवर नावे वाचू नयेत, समितीने जवळ ठेवावी. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांच्या घरांपासून सुरुवात करा. आणि देवळाच्या भिंतीवर देणगीदारांची नावे संगमरवरात कोरलेली असतातच, त्याच्या शेजारी १०९८ आणि ११२ हे दोन आकडे रंगवून घ्या. लेकराच्या डोळ्यांच्या उंचीवर.

धर्माची बदनामी होईल, असे म्हणणारे भेटतील. दुसऱ्या धर्माचे नाव घेऊन "आधी तिकडे बघा" म्हणणारेही भेटतील. दोघांशीही वाद घालत बसण्यात अर्थ नाही. गाडगेबाबा कीर्तनात उभे राहून समोरच्या लोकांनाच प्रश्न विचारत. प्रश्न विचारल्याने कीर्तन बाटते असे त्यांना वाटले नाही.

तो शेतकरी मला अधूनमधून भेटतो. गावातले काही लोक त्याच्याशी अजून नीट बोलत नाहीत, पण त्याने गाव सोडले नाही. पोर जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते. मृदंग पुन्हा हातात धरला नाही. आजी म्हणते धरेल, घाई नको.

आणि गेल्या सप्ताहात एका दुसऱ्या गावी वेगळेच ऐकायला मिळाले. काल्याच्या दिवशी हिशोब वाचणाऱ्या मास्तरांनी आधी वही उघडली आणि वाचले: "टाळकरी मुले चौदा. सोबत दोन गुरुजी. मुक्काम शाळेच्या दोन खोल्यांत, राखणीला आळीपाळीने सहा जण, त्यांची नावे अशी. चौदाही मुले सकाळी गाडीत बसवून दिली, पोचल्याचा फोन आला आहे." मंडपात क्षणभर सगळे गप्प. मग वर्गणीचा हिशोब सुरू झाला, आणि मागून कोणीतरी विचारलेच, "अन् तेलाचे डबे?"